काकूबरोबर नदीत

शारजात रोल्ला भागातल्या एका टायपिंग सेंटरमध्ये मी लोकांच्या व्हिसाच्या फाइली करते. पासपोर्ट हातात आला की आधी मुदत बघायची, ही सवय. फ्रान्सला जायचं ठरलं तेव्हा दिराच्या घरच्यांची फाइल मीच केली, शिवाय माझी आणि लेकीची. नवऱ्याला रजा नव्हती. मुदतीत न बसणारा पासपोर्ट एकच निघाला, तो माझा. नवा येईपर्यंत तारीख हातची गेली. तेरा वर्षांच्या लेकीला संमतिपत्र देऊन काका-काकूबरोबर पाठवलं.

दोर्दोन्य नदीच्या खोऱ्यात कुठल्या दिवशी कुठला किल्ला बघायचा, तेही मीच आखून दिलं होतं. तिसऱ्या दिवशी जावेनं व्हिडिओ पाठवला. लेक होडीत बसून वल्हं मारत होती आणि हसत होती.

या मुलीला मी पाच वर्षं पाण्यात उतरवायचा प्रयत्न करत होते. क्लास लावले, समुद्रावर नेलं. घोट्याच्या वर पाणी आलं की ती मागे फिरायची. तो व्हिडिओ मी डबा खाताना चार वेळा पाहिला. जावेचा इतका राग आला की भाजी तशीच राहिली.

परत आल्यावर त्यांनी आम्हाला अल रीमला त्यांच्या घरी जेवायला बोलावलं. जाऊ म्हणाली, "वहिनी, तुमची पोरगी चांगली धीट आहे हो. तुम्हीच उगाच तिला भित्री म्हणता." मी वरण वाढून घेतलं. लेक तिच्याच शेजारी बसली होती, अगदी टेकून.

गाडीत मी विचारलं, काकूनं असं काय सांगितलं गं तुला?

"नथिंग," ती म्हणाली. "काकू रडायला आली होती, आई. होडी हलली की माझा हात पकडायची. कोणीतरी वल्हं मारायला हवं होतं ना. तू कधी घाबरतच नाहीस."

नवरा समोर बघून गाडी चालवत राहिला.

हवा निवल्यावर एका शनिवारी सकाळी मी तिला उम्म अल कुवैनच्या खाडीवर नेलं आणि दोघींसाठी एक होडी घेतली. आधी मी बसले. होडीचा काठ धरून म्हटलं, मला भीती वाटतेय, तू ये.

तिनं मला नीट निरखलं. मी मालवणची, शाळेत असल्यापासून पोहते, हे तिला चांगलं माहीत होतं.

"बॅड ॲक्टिंग," ती म्हणाली आणि फोन काढला. काकूला व्हॉइस मेसेज गेला, मग व्हिडिओ सुरू झाला. मी होडीत एकटी डुलत होते. माझा चेहरा जवळून यावा म्हणून ती फोन उंच धरून पुढे पुढे येत होती. पाणी तिच्या गुडघ्याला लागलं. मी काठ आणखी घट्ट धरला.