कळव्याच्या डोंगरावरच्या एकशे बारा पायऱ्या

आफ्रिकेत शांतिसेनेच्या फील्ड हॉस्पिटलमध्ये माझे पोस्टिंग अकरा महिने होते. रँक हवालदार, काम नर्सिंग असिस्टंट. सकाळी साडेपाचला उठणे, सहाला ॲम्ब्युलन्सची तपासणी, सातला ओपीडी. एकदा पूल तुटलेल्या गावातून एका जखमी बाईला आम्ही चौघांनी स्ट्रेचरवर साडेतीन किलोमीटर आणले. रेडिओवर मेजरसाहेबांनी विचारले, "पेशंट?"

"स्टेबल, सर. ओव्हर."

त्याच आठवड्यात आईचा फोन आला. सावंतकाका गेले.

काका कळव्याच्या डोंगरावरच्या वस्तीतले आमचे शेजारी. आम्ही टिटवाळ्याहून तिथे राहायला आलो तेव्हा माझी दहावी झाली होती. घरात कोणी कॉलेज पाहिलेले नव्हते. काकांनी मला ठाण्याला नेऊन कॉलेजचा फॉर्म भरून दिला. पुढे मी लष्करात गेलो, तरी बी.ए.ची पुस्तके पोस्टाने तेच पाठवायचे. माझी पदवी मी त्यांची मानतो.

वस्तीपर्यंत गाडी जात नाही. रस्त्यापासून एकशे बारा पायऱ्या आहेत. काकांच्या छातीत दुखू लागले तेव्हा ॲम्ब्युलन्स खाली येऊन उभी होती. लोकांनी त्यांना चादरीत घालून उतरवायला घेतले. खाली पोहोचेपर्यंत सगळे संपले होते.

निवृत्त होऊन मी घरी आलो. थोड्याच दिवसांत एका परदेशी मदतसंस्थेने बोलावले. पुन्हा आफ्रिका, तेच काम. मला मनापासून जायचे होते. निघायला दोन महिने होते, तेवढ्या वेळात वस्तीतल्या सहा तरुणांना पेशंट उतरवायला शिकवावे असे ठरवले. दोन बांबू, मध्ये घोंगडी, असे स्ट्रेचर केले. दर रविवारी सातला परेड. पोरे चांगली तयार झाली.

निघायला आठ दिवस उरले होते. मंगळवारी सकाळी ११.१० ला समोरच्या संगीतावहिनी धावत आल्या. त्या घरी ब्लाऊज शिवतात.

"भावजी, लवकर या. सावंतकाकूंना घाम सुटलाय. छाती धरून बसल्यात."

ॲम्ब्युलन्स बोलावली. मग टीमला फोन लावले. एक जण माजिवड्याला कामावर, दोघे डोंबिवलीत, बाकीचे फोन उचलेनात. तेव्हा माझी चूक कळली. कामाच्या दिवशी अकरा वाजता आमच्या वस्तीत धडधाकट पुरुष नसतोच. नोकरीभर प्रत्येक प्लॅनआधी मी विचारत आलो, माणसे किती आणि कुठे? घरीच विचारायचे राहिले होते.

स्ट्रेचर नेले. काकूंनी ते पाहिले आणि मान हलवली.

"विनू, बांबू बाजूला ठेव. अजून जिवंत आहे मी."

"काकू, स्ट्रेचर आहे ते."

"दिसतंय काय आहे ते. त्याच्यावर नाही झोपायची."

आमच्याकडे बांबूवरून माणूस एकदाच जातो. हे मला आधीच सुचायला हवे होते. शिवाय त्यांना धाप लागली होती, बसवून नेणेच बरे. वहिनींनी शिलाई मशीनसमोरची खुर्ची आणली, काकूंना ओढणीने बांधले. आणखी तीन बायका पुढे आल्या. चौघींनी खुर्ची उचलली. मी सवयीने सुरुवात केली, "माझ्या कॉलवर. लेफ्ट..."

"लेफ्ट-राईट राहू द्या, भावजी," वहिनी म्हणाल्या. "आम्ही रोज हंडे घेऊन चढतो इथून. तुम्ही नाडी बघा फक्त."

मी नाडी धरून बाजूने उतरू लागलो.

"नंदा, पुढची पायरी हलते हं. डावीकडून घे."

"माहितीये गं. परवा त्या पायरीनेच माझा हंडा सांडला."

"काकू, डोळे मिटायचे नाहीत," मागची एक जण म्हणाली. "मग माझ्या पापडांना नावं कोण ठेवणार?"

"खारटच असतात ते," काकू पुटपुटल्या.

खुर्ची एकदाही कलंडली नाही. ११.३४ ला ॲम्ब्युलन्सचे दार बंद झाले. संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितले, वेळेत आणलेत.

त्याच संध्याकाळी मी परदेशी संस्थेला कळवले, येत नाही. आधी इथली टीम उभी करतो. त्यांचा फोन अजून येतो. मीही अजून तेच सांगतो.

आता टीममध्ये नऊ बायका आहेत. कमांड संगीतावहिनींकडे. सराव बुधवारी दुपारी तीनला. सरावाला पेशंट लागतो, तर बऱ्या झाल्यापासून काकू स्वतःच खुर्चीत बसतात.

त्यांच्या पहिल्याच सरावाला निम्म्याच्या थोडे खाली आलो असू. काकू म्हणाल्या, "इथे जरा टेकवा गं."

मला वाटले त्यांना त्रास होतोय. मी नाडी धरायला गेलो. त्यांनी माझा हात बाजूला केला.

"मला काही नाही रे. ह्यांचा श्वास इथे थांबला."

बायकांनी खुर्ची खाली ठेवली. नंदाने डोक्यावर पदर घेतला. मी सावधानमध्ये उभा राहिलो. तेव्हापासून दर बुधवारी आम्ही त्या पायरीवर थांबतो. मिनिटभराने काकूच म्हणतात, "चला आता."