बांधावरचे कराटे

चुलतभाऊ दरवर्षी बांध आमच्या वावरात सरकवतो, म्हणून मी कराटे शिकलो. शिकायला हवी होती कुस्ती. आमच्या चोपडा तालुक्यात केळीच्या बागेतली मारामारी म्हणजे गचांडी धरून चिखलात लोळणं, हे लहानपणापासून पाहिलेलं. तरी जळगावात मेहरूण भागातल्या क्लासमध्ये मी गुळगुळीत फरशीवर वर्षभर हवेत लाथा झाडल्या, कारण पांढरा ड्रेस मला शोभत होता.

यंदा बांध केळीच्या ओळीपर्यंत आला. मी चुलतभावासमोर उभा राहिलो आणि क्लासच्या सवयीनं आधी कमरेत वाकलो. त्यानं तशीच माझी मान बगलेत दाबली आणि मला पाटात लोळवलं. ती ओळ आता त्याची आहे.

वडील उठवायलाही आले नाहीत. बांधावरूनच म्हणाले, “लढाले उना का त्याना पाया पडाले?”