घरोघरी नद्या आणणारे मामंजी

जग निर्माण करून देव दमला आणि त्यातल्या वस्तूंना नावं द्यायचं काम त्यानं आमच्या चुलत सासऱ्यांवर सोपवलं, अशी त्यांची स्वतःची पक्की समजूत होती. मी त्यांना मामंजी म्हणायची. आमच्या ह्यांचे आईवडील लहानपणीच गेले. मामंजींनी आणि त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या आत्याबाईंनीच ह्यांना वाढवलं, त्यामुळे माझं खरं सासर म्हणजे तेच घर. त्या घरात बैलजोडीची नावं तहसीलदार आणि कोतवाल अशी होती. दुष्काळाच्या पाहणीला खरे तहसीलदार जीपमधून उतरले, तेव्हा नेमका गोठ्यातून मामंजींचा आवाज आला, "तहसीलदाराला आधी पाणी दावा, आन् मग दावणीला बांधा. लई मस्ती आलीया त्याला!" साहेब चहासुद्धा न घेता परत गेले. दिवसातून एकदा येणाऱ्या एसटीला मामंजी 'माहेरवाशीण' म्हणत, कारण ती मनाला येईल तेव्हा येई आणि निघताना अर्धं गाव तिला वाटेला लावायला जाई. दुष्काळी कामावर गावानं माती वाहून पाझर तलाव बांधला, तर त्यात थेंब साचायच्या आधीच त्यांनी त्याचं नाव 'समुद्र' ठेवलं. लोक हसले तेव्हा म्हणाले, "आरं, नाव मोठं दिलं की पाण्यालाच लाज वाटंल, यील की!"

पण त्यांचा खरा अंमल चाले तो सुनांवर. लग्न लागलं की ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं नवरीचं सासरचं नाव लिहितात. दुसरीकडे हे काम नवरदेव करतो. आमच्या भावकीत अंगठी मामंजींच्या हातात असे आणि नवरदेवानं फक्त मान डोलवायची असे. मामंजींनी आयुष्यभर कोरडवाहू जमीन कसलेली, म्हणून सुनांची नावं सगळी नद्यांची. थोरल्या जाऊबाई नर्मदा, मधल्या कावेरी, पलीकडच्या घरातली भागीरथी. मोठ्या नद्या संपत आल्यावर त्यांनी एका नवरीला तेरणा करायचा घाट घातला होता. तिच्या आईनं मांडवातच डोळ्याला पदर लावला आणि "उन्हाळ्यात आटणारी नदी नका देऊ हो माज्या लेकीला" म्हणून गळा काढला, तेव्हा कुठं प्रकरण शरयूवर मिटलं.

माझं लग्न बहात्तरच्या दुष्काळातलं. पत्रिका छापली नाही, फोटो काढला नाही, वाजंत्री सांगितली नाही. पाणी बैलगाडीवर पिंपं लादून आणलं होतं आणि अक्षता रेशनच्या मिलोच्या होत्या. ती ज्वारी मुळातच लाल, त्यामुळे रंगवायचे कष्ट वाचले. मामंजींनी तांदळात 'गोदावरी' लिहिलं आणि मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्या साली मोठीच नदी आणाय पायजे. बारकीनं भागत न्हाय." पुढच्या वर्षी पाऊस पडला, त्याचं सगळं श्रेय त्यांनी मला दिलं. नव्या नवरीला आणखी काय हवं असतं? मी आपली खुशीत गोदावरी झाले.

या कारभाराला एक कडक नियम होता. सुनेचं माहेरचं नाव सासरच्या उंबऱ्याच्या आत कुणी घ्यायचं नाही. "जुन्या नावानं हाक मारली की जीव माहेराकडं वढतो," असं मामंजींचं म्हणणं. माझा भाऊ पहिल्यांदा मला भेटायला आला आणि अंगणातूनच त्यानं माझ्या नावानं हाक दिली, तर मामंजी कावळा हाकलायचं निमित्त करून इतक्या जोरात टाळ्या पिटू लागले की कोंबड्या भिंतीवर जाऊन बसल्या. पुढं माझे भाऊ शहाणे झाले आणि नुसतं 'ताई' म्हणू लागले. म्हणजे हा माणूस सुनेचं नाव विसरत नसे, तर ते कानावर पडू नये म्हणून जिवाचं रान करत असे.

लग्नानंतर वर्षभरात मला भूमकडच्या एका वाडीवर शाळामास्तरणीची नोकरी लागली. हे कळंबला एका दूध सोसायटीत कारकून. मुलगी झाली ती गावाकडे आत्याबाईंपाशी. तिघांच्या तीन चुली. रविवारी एसटी बदलत मी मुलीला भेटायला जायची. एकदा मी दारात उभी राहिले, तर ती आत्याबाईंच्या लुगड्याआड लपली आणि म्हणाली, "आत्या, बाई आल्या." परतीच्या एसटीत मी सगळ्या गाडीदेखत रडले. मला कळंबला बदली हवी होती, दुसरं काहीसुद्धा नको होतं.

नवऱ्याच्या नोकरीच्या गावी बदली मिळत होती, पण शाळा उघडायच्या आत विवाहाचा दाखला द्यायचा होता. तो आणायचा कुठून? ग्रामपंचायतीत जन्म लिहीत, मृत्यू लिहीत. लग्न ही सगळ्या गावानं जेवून पाहिलेली गोष्ट, ती कोण कशाला लिहील! लग्न लावणारे भटजी वारले होते. त्यात नोकरी मला शाळेच्या दाखल्यावरच्या माहेरच्या नावानं लागलेली आणि रेशन कार्डावर मी गोदावरी. सरकारच्या लेखी आम्ही दोघी होतो. एकीला नोकरी होती पण नवरा नव्हता, दुसरीला नवरा होता पण नोकरी नव्हती. तालुक्याच्या कचेरीतला कारकून भला माणूस. तो म्हणाला, "लग्नाला हजर असलेलं सासरचं वडीलधारं माणूस आणा, जबाब घेतो." मामंजी पांढरा पटका बांधून निघाले.

"आजोबा, लग्नाला तुम्ही हजर होतात?"

"हजर? आवो, मांडवाची पयली मेढ म्या रवली!"

"मग या बाईंचं लग्नाआधीचं नाव सांगा."

 मामंजींनी माझ्या वडलांचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, आमच्या विहिरीचं पाणी मचूळ आहे हेही सांगितलं. मी तोंड उघडणार, तर कारकुनानं हात वर केला. "बाई, तुम्ही नाही. साक्ष त्यांची आहे."

"गोदावरी," मामंजी म्हणाले.

"ते नंतरचं. त्याच्या आधी?"

"त्याच्या आदी..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "त्याच्या आदी ती आमची नव्हती ना, सायेब."

कारकुनानं लेखणी खाली ठेवली. "मग कागदावरची ती बाई आणि ही बाई एकच, हे तुम्ही कशावरून सांगणार?"

यावर मामंजी उठले आणि बाहेर चालू लागले.  माझा राग अनावर झाला होता, पण स्टँडवरच्या बाकावर त्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला आणि म्हातारं डोकं खाजवत बसले, तेव्हा रागावणार तरी कुणावर? मग त्यांनी विचारलं, "पोरी, तुजं नाव काय गं?"

"कुसुम."

"कुणी ठिवलं?"

"आजीनं. मी जन्मले तेव्हा रानात करडईचा कुसुंबा फुलला होता. आजी म्हणाली, कुसुंब्याच्या दिवसातली पोर, कुसुमच म्हणा."

"चांगलं हाय की," ते म्हणाले. "म्हंजी पोर आल्ती तवाच रान पिकलेलं हुतं."

पुढच्या खेपेला एसटीत बसल्यापासून त्यांनी 'कुसुम, कुसुम' असा मोठ्यानं जप चालवला. कंडक्टरनं डोळे मिचकावून विचारलं, "कोण ही कुसुम, आजोबा?" "सून हाय माजी!" मामंजी गरजले आणि सगळी गाडी माझ्याकडे वळून पाहू लागली. मी पदरात तोंड लपवलं. कचेरीच्या दारातूनच त्यांनी सुरुवात केली, "सायेब, हिचं नाव कुसुम. करडईच्या दिवसातली. नाव म्या बदललं, पोरीनं न्हाय. दोगी एकच हायेत, आन् चूक धरायची तर माजी धरा." कारकून हसला आणि जबाबावर त्यानं त्यांची सही घेतली. दाखला मिळाला. शाळा उघडायच्या आत बदलीही झाली. मुलीला घेऊन आम्ही कळंबला निघालो त्या दिवशी मामंजी एसटीपर्यंत आले, पण कशालाही नवं नाव देण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

दिवाळीला गावी गेले तर जाऊबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. मामंजी म्हणे घरोघर जाऊन बायकांना माहेरची नावं विचारत होते. मीही पाहिलं. ओट्यापाशी उभे राहून ते अदबीनं विचारत, "तुमचं पयलं नाव काय हुतं वो?" नर्मदाबाई पटकन 'चंपा' म्हणाल्या आणि लाजून आत पळाल्या. भागीरथीबाई म्हणाल्या, "त्या नावानं हाक मारणारं आता कोन ऱ्हायलंय?" एका म्हातारीला तर खरोखरच आठवावं लागलं. ती डोळे मिटून ओठ हलवत बसली आणि मामंजी तिच्यासमोर उन्हात उभे राहिले.

आता मामंजी नाहीत, आत्याबाईही नाहीत. पण त्या दिवसाची संध्याकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. आत्याबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या. त्यांचं लग्न झालं तेव्हा त्या परकरातल्या होत्या, नाव मामंजींच्या वडलांनी बदललेलं. साऱ्या गावाला विचारून आलेला तो माणूस स्वतःच्या उंबऱ्यात घुटमळत उभा होता. खाकरून झालं, पटका काढून झाला, मग कसंबसं म्हणाले, "आगं... आन् तुजं?"

आत्याबाईंचा हात थांबला. "आता काय करायचंय त्याचं?"

"सांग की."

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि जाळाकडे बघतच म्हणाल्या, "सगुणा."

बायकोला उभ्या जन्मात 'आगं'शिवाय हाक न मारलेल्या मामंजींनी ते नाव हलक्या आवाजात एकदा घेतलं. आत्याबाईंनी खाली मान घालूनच "व्हय" म्हटलं, आणि तव्यावरची भाकरी उलटायची राहून गेली.