थोरल्या राणीसाहेबांचं कुंकू

कडूबाईचं माहेर मुरुमकडचं. सासर जळकोटहून आत फुटणाऱ्या रस्त्यावर, आणि नोकरी जुन्या जहागीरदार सरकारांच्या पागेत. पागेत आता घोडे नाहीत, तसबिरी आहेत. सरकारांच्या घराण्यातले मिशाळ पूर्वज, त्यांच्या शिकारी, आणि कधीकाळी जेवायला येऊन गेलेला एक गोरा साहेब. या सगळ्यांची निगा राखायला धर्मादाय न्यास आहे. न्यासाचे चिटणीस मार्तंडराव. शाळेतल्या हेडक्लार्कच्या खुर्चीवरून उठले ते थेट इथल्या खुर्चीत बसले. निगा न्यास राखतो. झाडायचं, धूळ पुसायची आणि वटवाघळं हाकलायची ती कडूबाईनं.

न्यासाला कामाचा ताण फार. बैठकीत सरकारांच्या उजव्या हाताला कोण बसणार, पत्रिकेत कुणाचं नाव आधी, शाल कुणाला आणि नुसता नारळ कुणाला, यावर घसे बसेस्तोवर चर्चा होते. तेवढ्या अवधीत शिकारीच्या चित्रातला वाघ बुरशीनं खाल्ला. थोरले महाराज अजून बंदूक रोखून उभे आहेत, आता बुरशीवर.

कडूबाईचा नवरा बलभीम गढीचा राखणदार होता. शेतात पान लागलं, साप डसला, आणि गेला. त्याच्या जागी ही आली. दुपारी कुणी नसलं की सरकारांच्या खुर्चीत बसून पान चघळायची, आणि तोंड चालायला लागलं की समोरच्या तसबिरींचीही गय नाही. गोऱ्या साहेबाला म्हणायची, "तुला काय पायजे रं? जेवलास नं? मग जा की घरी!" एका तसबिरीशी मात्र ती हळू बोले. त्या थोरल्या राणीसाहेब. पांढरं लुगडं, डोईवर पदर, कपाळ मोकळं. ऐन तारुण्यात नवरा गेला, तरी बाईनं जहागीर सांभाळली, असं न्यासाच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर छापलंय. कडूबाई काच पुसता पुसता म्हणे, "बाई, तुमी आन् म्या एकाच पंगतीतल्या. फकस्त तुमाला चौकट मिळाली."

खंडेनवमीला सगळीकडं शस्त्रांची पूजा होते. सरकारांच्या तलवारी केव्हाच कुठं कुठं गेल्या, म्हणून न्यास तसबिरींची पूजा करतो. एकेका पूर्वजाच्या काचेवर, बरोब्बर कपाळाच्या जागी, ओलं कुंकू; थोरल्या राणीसाहेबांना तेवढं नाही. लावायचा मान सवाष्णीचा, आणि सवाष्ण म्हणजे चिटणीसांच्या पत्नी, दीपमाला वहिनी. लावलेलं कुंकू कुणी पुसायचं नाही, त्यामुळं काही महाराजांच्या कपाळी आता चांगलं टेंगूळ आलंय. कडूबाई वर्षभर ती कपाळं सोडून काचा पुसते आणि पूजेच्या दिवशी तेवढी बाहेर, पायऱ्यांवर झेंडू निवडत बसते. विधवा बाईची सावली पूजेत नको. गावच्या ग्रामसभेत विधवांच्या प्रथा बंद करायचा ठराव झाला, तेव्हा अनुमोदन द्यायला हात वर केला तोही मार्तंडरावांनीच. तो हात त्यांनी लगेच खाली घेतला, एवढंच.

यंदा पुण्याहून घराण्याचे आताचे वारस, खुद्द रणधीर सरकार आले होते. मुंबईहून अस्मिता मॅडम यायच्या होत्या. जुन्या चित्रांच्या जाणकार. संग्रह जतन करण्याजोगा आहे असं त्यांनी लिहून दिलं की मोठी मदत येणार. वहिनींनी तबक घेतलं आणि पूजा सुरू झाली. मार्तंडराव मोबाईलवर चित्रण करत होते. "इकडं बघ. हस जरा. हां!" वहिनी इकडं बघत, हसत, तिकडं बोट टेकवत चालल्या. तसं बोट टेकवता टेकवता थोरल्या राणीसाहेबांच्या मोकळ्या कपाळावर रुपयाएवढं लालभडक कुंकू बसलं.

सरकार ओरडले, "अहो, हे काय केलंत? त्या विधवा होत्या!"

पूजा तिथंच थांबली. पुस्तिकेत मोकळं कपाळ, भिंतीवर कुंकू. मॅडमला काय सांगायचं?

"पूस आधी ते," मार्तंडराव बायकोला म्हणाले.

"अगंबाई! सवाष्णीनं बाईचं कुंकू पुसायचं? तुमच्याच जिवावर उठू का मी?"

मार्तंडराव सरकारांकडं वळले. जीव त्यांचाच होता.

"सरकार, आपल्याच घराण्यातल्या आहेत. आपण जर..."

"मी? माझं शिक्षण झालंय मार्तंडराव, मी असलं काही मानत नाही." सरकार दोन पावलं मागं सरले. "पण सणाचा दिवस आहे. दुसरं कुणी बघा."

काचेवरचं कुंकू. ओल्या फडक्याचं काम. पण फडकं हातात घेऊन पुढं व्हायला कुणी तयार नाही. मग सगळ्यांना एकदमच पायऱ्या आठवल्या.

"कडूबाई! आत ये."

कडूबाई उंबऱ्याशी थांबली. "आत? आज? सावली पडंल की माझी."

"पडू दे. तेवढं कुंकू पूस आणि परत जाऊन बस."

तिनं मान वर करून तसबिरीकडं बघितलं. राणीसाहेब मोठ्या गोड दिसत होत्या.

"म्या न्हाय पुसनार."

"अगं, रोज काचा पुसतेसच की!"

"धूळ पुसती. कुंकू न्हाय." ती दीपमाला वहिनींकडं वळली. "माजं पुसताना लई बाया म्होरं झाल्या हुत्या, वैनी. तुमच्या सासूबाई तर सगळ्यात म्होरं. लई जोर हुता हातात. आता कामून कुनाचा हात उचलंना?"

मार्तंडरावांचा पारा चढला. "नसेल पुसायचं तर उद्यापासून येऊ नकोस. बाया पुष्कळ मिळतील."

पागा गेली तर कडूबाईला घरी सुनेच्या हाताखाली ओसरीचा कोपरा, आणि बोलायला राणीसाहेबसुद्धा नाहीत. पण पाय काही उचलला नाही. "न्हाय पुसनार म्हंजी न्हाय," ती म्हणाली. तेवढ्यात बाहेर गाडी वाजली.

अस्मिता मॅडम आत आल्या, चष्मा सावरत थेट राणीसाहेबांपुढं उभ्या राहिल्या. "या त्याच ना? पुस्तिकेतल्या? मग हे कुंकू?"

हेडक्लार्कीत मुरलेला माणूस बोलायला अडत नाही. मार्तंडरावांनी घसा साफ केला. "मॅडम, आमच्या न्यासानं विधवा प्रथा मोडली. सुरुवात घराण्यापासूनच केली. थोरल्या राणीसाहेबांना कुंकवाचा मान दिला."

"काय सांगता!" मॅडमचे डोळे भरून आले. सरकारांनी नम्रपणे मान झुकवली. जणू रात्रभर त्यांनाच ही कल्पना सुचत होती. मॅडम उंबऱ्याशी उभ्या कडूबाईकडं वळल्या. "आणि मावशी, हे तुम्हीच लावलंत का?"

सगळे कडूबाईकडं बघायला लागले. मार्तंडरावांच्या डोळ्यांत आता दटावणी नव्हती, काकुळती होती. आई भवानीची करणी म्हणायची ती ही: मघाशी नोकरी घ्यायला निघालेला माणूस तिच्या एका शब्दासाठी ताटकळत होता.

कडूबाईनं सावकाश उंबरा ओलांडला.

"न्हाय मॅडम. ते वैनीनं लावलं. पन चिटनीस सायेब मगाशी मला आत बोलावून म्हनले की, कडूबाई, हितून म्होरं ह्या पूजेचा मान तुजा. दरसाल. म्हनलासा नव्हं, सायेब?"

"हो... म्हणालो," मार्तंडरावांनी मॅडमकडं बघत सांगितलं.

"आनि काम बी जलमभर तुजंच, आसं बी म्हनले."

"तेही म्हणालो."

"किती सुंदर!" मॅडमनी मोबाईल काढला. "मग मला एक फोटो हवा. वहिनी, आधी तुम्ही मावशींना कुंकू लावा."

दीपमाला वहिनींनी बोट बुडवलं. ते कडूबाईच्या कपाळापर्यंत आलं आणि तिथंच अडलं. नवरा मागून कुजबुजत होता, "हस ना जरा!"

कडूबाईनं तो हात हळूच बाजूला केला. "ऱ्हाऊ द्या, वैनी. तुमाला भ्याव वाटायलंय. मला कपाळाचं कायबी न्हाय. तबक तेवढं द्या हिकडं."

तबक घेऊन ती पुढच्या तसबिरीकडं निघाली. सरकार वाटेत उभे होते.

"सरका वाईच, सरकार. लई जन ताटकळल्यात भिंतीवर."

सरकार सरकले.