दवाखान्यापुढचं शून्य

आमच्या मामांना सगळा डेपो ‘ब्रेकमामा’ म्हणतो. वीस वर्षं बस चालवताहेत, आणि कोणाचा हात दिसला की थांबलेच म्हणून समजा. हल्ली त्यांना विजेची बस मिळाली आहे. “चालू आहे की बंद, हे हिलाच विचारावं लागतं,” अशी त्यांची तक्रार असते.

मी त्यांच्याकडेच लहानाची मोठी झाले आणि आता बसच्याच कार्यालयात संगणकावर बसते. बस कुठवर आली हे फोनवर दिसायला लागल्यापासून लोक स्कूटर घरी ठेवू लागलेत. आणखी लोकांनी ठेवाव्यात असं वाटत असेल, तर बस लवकर पोहोचायला हवी. म्हणून जिथे कोणी चढतच नाही ते थांबे बंद करायचं ठरलं. दारावरचं यंत्र माणसं मोजतं, आणि यादी करायचं काम माझ्याकडे. पहिलंच नाव दवाखान्याच्या थांब्याचं आलं. तीन महिन्यांत शून्य.

जेवताना मी हे सहज बोलून गेले. मामांचा घास हातातच राहिला.

“शून्य? अगं, रोज आठ जण चढतात तिथं. थांबा गेला तर ते बिचारे घरी जाणार कसे?”

“मामा, यंत्र खोटं बोलत नाही.”

“म्हणजे मी बोलतो!”

ते अर्ध्या ताटावरून उठले. मलाही राग आला. दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्यांच्याच बसमध्ये जाऊन बसले. म्हटलं, एकदाचा सोक्षमोक्ष लावूनच टाकू.

दवाखान्याच्या थांब्याचा खांब आला आणि मागे गेला. बस चढ चढून थेट दवाखान्याच्या फाटकाशी थांबली. काठ्या टेकत, पट्ट्या बांधलेले गुडघे सांभाळत एकेक जण सावकाश वर आला.

“मामा, खांब तर मागेच राहिला!”

“खांबाचे गुडघे दुखत नाहीत. यांचे दुखतात.”

माझा चेहरा पडला. खांबापासून लांब दार उघडलं तर ती माणसं मोजायची नाहीत, हा नियम मीच घालून दिला होता. मला माझीच लाज वाटली.

त्याच दिवसापासून साहेबांच्या मागे लागले. नकाशावरचा थांबा फाटकाशी सरकवायला दोन मिनिटं लागली, रस्त्यावरचा खांब हलवायला तीन आठवडे.

खांब हलला त्या संध्याकाळी मी मामांना दारातच गाठलं. “आज नऊ!”

“त्यातल्या एक आजी नव्या. मुलाच्या गाडीतून जायच्या. आता फोनवर बस फाटकाशी दिसते, म्हणून बसनं निघाल्या.”

“आणि बाकीचे आठ?”

मामांनी शांतपणे बूट काढले.

“ते तुझ्या शून्यातले.”