लंडनला वळसा आणि माझा डबा

मी जळत होती. हे मी कधी नाकारलं नाही. पण तो डबा मी दिला नव्हता, हे मात्र कोणीच मानलं नाही. नवऱ्यानं नाही, पोरानं नाही, पापडाच्या खोलीतल्या बायांनी तर नाहीच नाही. "बाई, डब्याच्या झाकणावर तुमचंच नाव कोरलं आहे," एवढं म्हणायचं आणि पुढची लाटी घ्यायची. झाकणावरच्या नावापुढं जित्या माणसाचं काय चालते?

चार बाया रोज एका खोलीत पापड लाटायला बसल्या की किस्से पिठासारखे साचतात. संध्याकाळी झाडून काढा, सकाळी पुन्हा पाटाखाली सापडतात. आमची खोली घाटंजीच्या बाजाराच्या मागं. तिथं मी, माझी धाकटी जाऊ सुनंदा, तांड्यावरची बेबीताई आणि वनिता. बाहेर उंबऱ्यावर बसून पाकिटांना लेबल चिकटवतो तो सुनंदाचा नवरा, म्हणजे माझा दीर नामदेव. तो बोलत नाही. मुका नाही, बोलत नाही.

मी चौथी शिकलेली, जसं आठवेल तसं लिहिते. सुनंदाचा जावई मराठी वाचायचा कंटाळा करतो, म्हणून बिनधास्त लिहिते.

* * *

आम्हा दोघी जावांचं लग्न झाल्यापासून एक ठरलेलं होतं. एकीला जे मिळेल ते दुसरीला. सासू होती तोवर साडीसुद्धा एकाच ठाणातली. फुलं तीच, फक्त रंग वेगळा. मिक्सर आला तर दोन आले. कूलर आला तर दोन आले.

मग सुनंदाची पल्लवी नर्स होऊन इंग्लंडला गेली. माझा पोरगा यवतमाळला ऑटो चालवतो. आता इंग्लंड दोन कुठून आणू?

उन्हाळ्यात पल्लवीचा फोन आला. आई-पप्पांना बोलावते, आणि तिचा नवरा निखिल एक मोटारहोम भाड्यानं घेणार, त्यातून समुद्रापर्यंत फिरवून आणणार. मोटारहोम म्हणजे गाडीतच घर. गाडीत पलंग, गाडीत गॅस, गाडीत फ्रीज.

बेबीताईनं लाटणं खाली ठेवलं. "आमचे म्हातारे बैलाच्या पाठीवर मीठ लादून मुलूख फिरायचे. पोरं, भांडी, कोंबड्या, सारं बिऱ्हाड संगं. तवा तुम्ही गाववाले म्हणत होते का यायले घर ना दार. आता तेच इंग्लंडात केलं का हौस झाली काय?"

वनितानं ते लाटणं उचलून पुन्हा तिच्या हातात दिलं. पण पल्लवीनं शेवटी एक वाक्य टाकलं होतं, ते मी पदराला गाठ मारून ठेवलं. ती मला मोठी आई म्हणते. म्हणाली, "गाडीत चारच जण झोपतात. पुढच्या साली मोठी आई, तुमचा नंबर."

तेव्हापासून माझा सगळा जीव त्या पुढच्या सालात.

* * *

पल्लवी राहते लंडनच्या वरच्या अंगाला, समुद्र खालच्या अंगाला, आणि लंडन बसलं मधोमध. निखिल शिस्तीचा माणूस. त्यानं नकाशा पाठवला. शहराभोवती गोल रस्ता, पोळपाटाच्या काठासारखा. त्यानं बजावून सांगितलं की मोठी गाडी आत नेली की जागोजागी दंड लावणारे कॅमेरे, गल्ल्या अरुंद, उभी करायला जागा नाही. आपण काठाकाठानं निघून जायचं, लंडनकडं पाहायचंसुद्धा नाही.

आम्ही चौघींनी तो फोन पिठाच्या हातानं एवढा मोठा केला, लहान केला, की नकाशा पांढरा झाला.

आमच्या खोलीत भिंतीवर एक जुनं कॅलेंडर आहे. साल केव्हाच संपलं, पण सुनंदा काढू देत नाही. त्याच्यावर लंडनच्या पुलाचं चित्र आहे, तो मधून उघडून दोन्हीकडं वर उचलला जातो तो. तिनं फोनात तोंड घालून हळूच विचारलं, "निखिलराव, तो पूल कुठीशी आला मंग?"

"तो आत राहिला, आई."

"राहू द्या, राहू द्या," सुनंदा म्हणाली आणि लाटायला लागली. जावयाजवळ एवढं विचारलं हेच तिच्यासाठी डोक्यावरून पाणी. आमच्याकडं जावयाजवळ सासू पाणीसुद्धा मागत नाही.

वनिताला राहवलं नाही. "लंडनले बाहेरून बाहेरून जायचं होतं त लंडनवरून कायले चालले व? यवतमाळच्या बायपासनं फिरवा म्हणा गाडी. पिक्चर सेम."

* * *

नंतर समजलं की गाडीत संडास आहे.

सुनंदा खूश झाली. एक दिवस खूश राहिली. दुसऱ्या दिवशी पल्लवीनं सहज सांगितलं की त्या संडासाची खाली टाकी असते, ती रोज ओढून काढायची आणि नेमून दिलेल्या जागी रिकामी करायची. कोण करते? निखिल करतो.

सुनंदाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. जावयानं, ज्याचे पाय धुऊन पाणी दारात शिंपडलं त्या जावयानं, सासूची टाकी उचलायची? "माय व," ती म्हणाली, "मी जातच नाही."

मग तिनं स्वतः रस्ता आखला. निखिलचा नकाशा समोर, आणि त्यावर एकच शोध: पेट्रोल पंप कुठं कुठं आहे. लंडनच्या गोल रस्त्यावर किती अंतरानं गाडी थांबते, कुठं बायांची वेगळी सोय, सगळं तिनं पल्लवीकडून काढून घेतलं. निखिल बिचारा कौतुक करत होता की आईंना प्लॅनिंगमध्ये केवढा इंटरेस्ट!

गाडीत बसल्यावर पहिल्याच सकाळी नामदेव त्या संडासातून बाहेर आला. सगळ्यांसमोर, घाटंजी सोडल्यापासून पहिल्यांदा, तोंड उघडलं.

"मस्त आहे," म्हणाला.

* * *

जायच्या आधीचं एक राहिलं.

झोपायची एक जागा ड्रायव्हरच्या डोक्यावर असते, शिडीनं चढायची. सुनंदा घरी माळ्यावर चढायची प्रॅक्टिस करते हे मला शेजारणीनं सांगितलं. मी त्याच दुपारी आमच्या माळ्याला शिडी लावली. म्हटलं पुढच्या साली आपल्यालाही लागणार, आत्ताच पाहून घेऊ.

चढायला काही नाही. उतरायचं मला सुचलं नव्हतं.

नवरा शेतातून येईस्तोवर मी वरच, पिंपाच्या बाजूला. त्यानं खालून पाहिलं, हातपाय धुतले, चहा मांडला, पिऊन झाला आणि मग विचारलं, "लंडन दिसून राह्यलं का?"

* * *

आणि लाडवाचं.

एका लग्नाची ऑर्डर होती, रवा-बेसनाचे लाडू. मी वळून वळून परातीत टाकत होती. बाजूला पाहते तर सुनंदा एकेका लाडवाच्या मधोमध चारोळीचा एक दाणा बसवून राह्यली. एक एक. अंगठ्यानं दाबून.

"काहून व?" मी म्हटलं. "लाडवाले कुंकू लावून राह्यली का? असे अख्ख्या तालुक्यात कोणी करते काय?"

"कोणी करत नाही म्हणूनच," ती म्हणाली.

ते लाडू आधी संपले. माझे दुसऱ्या दिवशी शिदोरीत बांधून दिले. मी आठ दिवस तिच्याशी नीट बोलली नाही.

* * *

आता तो डबा.

ते इंग्लंडला गेले, गाडीत बसले, निघाले. सकाळच्या वेळेला निखिल पोळपाटाच्या काठापाशी पोचला. तिथं सुनंदानं पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि सांगितलं की रत्नाबाईनं, म्हणजे मी, दिला आहे. त्यांचा भाचा त्या पुलाजवळच राहते, तेवढा पोचता करायचा आहे. मोठ्या जावेनं विश्वासानं दिलेली वस्तू, परत कशी नेऊ?

निखिलनं झाकण पाहिलं. झाकणावर माझं नाव. कोणाचा डबा पोचवायला नाही म्हणणारा माणूस आपल्याकडं अजून जन्मला नाही, इंग्लंडला जाऊन राहिला तरी. त्यानं गाडी आत वळवली.

मग जे व्हायचं ते झालं. कॅमेऱ्यानं टिपलं. एका गल्लीत गाडी अशी अडकली की पुढं जाईना, मागं येईना. मागच्या गाड्यांचे हॉर्न नाहीत, तिकडं हॉर्न वाजवत नाहीत, नुसते उतरून पाहतात, ते जास्त वाईट. पत्ता विचारला की सुनंदा म्हणे, "असंच थोडं पुढं." पूल आला, पूल गेला, पुन्हा वळसा घालून पूल आला. भाचा काही सापडला नाही. समुद्राला पोचेस्तोवर अंधार.

त्याच दिवशी घाटंजीत फोन. "मोठी आई, तुमचा भाचा नक्की कुठं राहतो?"

मी म्हटलं, कोणता भाचा? मला ना भाऊ ना बहीण. मी कोणताही डबा दिला नाही.

झालं. खोलीत निकाल लागला. मी जळते, हे सगळ्यांना ठाऊक. जळूनच खोटा भाचा काढला, बिचाऱ्यांची सहल नासवली. मी ओरडून सांगितलं की तो डबा मी दिवाळीत चकल्या घालून सुनंदाकडं पाठवला होता, तो परत आलाच नाही. वनिता म्हणाली, "आता चकल्याही काढल्या."

नवऱ्यानं तर माळ्याकडं पाहून नुसती मान हलवली.

त्यानंतर पल्लवीचा फोन येत होता, पण पुढच्या सालाचं नाव निघणं बंद. एकदा मीच काढलं. तर म्हणाली, "पाहू, मोठी आई. निखिलला सुट्टी मिळाली तर." सुट्टी मिळाली तर! मी चौथीच शिकली, पण याचा अर्थ मला कळते.

सुनंदा परत आली. गोरी होऊन आली. मोबाईलमध्ये पुलाचे इतके फोटो की अंगठा दुखला. प्रत्येक फोटोत तीच, गाडीच्या खिडकीत, तोंड उघडं. मी विचारलं, "डबा कोणाचा होता व?" ती म्हणाली, "बाई, झाकणावर होतं ते म्यां सांगतलं." आणि पापड वाळवायला बाहेर गेली.

* * *

पंधरा-वीस दिवस झाले असतील. दुपारची वेळ, चौघी लाटून राह्यलो. पल्लवीचा व्हिडिओ कॉल. सुनंदानं फोन पिठाच्या पिंपाला टेकवला.

पल्लवी म्हणाली, "मोठी आई, तो तुमचा डबा उघडू का? किचनमध्ये वास यायला लागला."

मागून निखिल. त्यानं इतके दिवस झाकणाला हात लावू दिला नव्हता. दुसऱ्याची वस्तू, विचारल्याशिवाय उघडायची नाही. असा सरळ माणूस! मला तेव्हा पहिल्यांदा त्याची दया आली.

"उघडा," मी म्हटलं. "मलेही पाहू द्या मी काय दिलं ते."

झाकण निघालं. पल्लवीनं डबा कॅमेऱ्यासमोर तिरपा केला.

रवा-बेसनाचे लाडू. प्रत्येकाच्या मधोमध चारोळीचा एक दाणा.

बेबीताईचं लाटणं थांबलं. वनितानं आधी लाडवाकडं पाहिलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडं, मग सुनंदाकडं. उंबऱ्यावर लेबल चिकटवायचा आवाज बंद झाला. निखिलला आणि पल्लवीला काहीच कळलं नव्हतं. चारोळीचं भांडण त्यांच्या कानावर गेलंच नव्हतं.

निखिल म्हणाला, "मोठी आई, आता राग वगैरे काही नाही. पण मला एकदा खरं सांगा. हा डबा कोणी भरला?"

माझ्याजवळ नाव होतं. तोंडात होतं. एवढे दिवस ज्यांनी मान हलवली त्या सगळ्यांसमोर थुंकून टाकायचं बाकी होतं.

सुनंदाचा चेहरा तिच्या हातासारखा पांढरा. सासूनं जावयाला खोटं सांगून गाव फिरवलं, हे निखिलला कळलं तर ती पुन्हा त्या दारात उभी राहणार नव्हती. "बाई," ती म्हणाली. एवढंच.

मी खाली वाकली, फोनात दिसणार नाही अशी, आणि सुनंदाच्या कानात विचारलं.

"पुढच्या साली कोण?"

तिनं पिठाचं बोट माझ्याकडं केलं.

"खिडकीत?"

बोट जरा हललं. पण माझ्याकडंच राहिलं.

मी पदरानं तोंड पुसलं आणि फोनासमोर बसली. "निखिलराव, आमच्या घरात एका माणसाले तो पूल पाह्याची लई हौस होती. जावयाले सांगाची लाज वाटली. मंग माह्या नावाचा डबा भरला, अन् तुमच्या सासूले म्हटलं, मोठ्या जावेचा आहे म्हणून सांग."

"कोण पण?"

उंबऱ्यावरच्या माणसाला नीट ऐकू जाईल अशा आवाजात मी सांगितलं.

"नामदेव."