पाहून आलेला माणूस

माझी जीभ लहानपणापासून तिखट. खामगावला आमच्या मळ्यातली मिरची बाजारात जायची, तर आई म्हणायची, हिला विकायला बसवू नका, गिऱ्हाईक परत यायचं नाही. तीच जीभ घेऊन मी सरकारी नोकरीत शिरले. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मुख्यसेविका म्हणून माझी बदली जळगाव जामोदला झाली, सातपुड्याच्या पायथ्याशी, आणि वर डोंगरातली कोरकूंची गावं माझ्या वाट्याला आली.

तेव्हा वरून हुकूम आला की डोंगरातल्या मनाच्या दुखण्याच्या माणसांना दवाखान्यापर्यंत आणा. आणा म्हणे. जशी काही ती माणसं पोत्यात भरून ठेवली होती. आमच्या दवाखान्यातले डॉक्टर पुण्याकडचे, तरुण, स्वभावानं सरळ, पण कोरकूंच्या पडिहाराचं नाव काढलं की हसायचे. पडिहार म्हणजे सुपात दाणे टाकून दुखणं कुठून आलं ते सांगणारा. मी डॉक्टरांना म्हटलं, "हसा खुशाल. पण त्याच्या होकाराशिवाय तुमच्या दारात कुत्रंही येणार नाही."

मग मी त्या पडिहाराकडे चकरा मारल्या. वाकलेला म्हातारा, बोलायला सावकाश, आणि माझ्यापेक्षा दुप्पट हट्टी. मोहाच्या झाडाखाली बसून आमचं ठरलं ते असं: आधी तो पाहील, त्याला झेपलं नाही तर आमच्याकडे पाठवील. आम्ही त्याला भोंदू म्हणायचं नाही. आणि गेलेल्या माणसाची खबर गावाला येत राहिली पाहिजे. ही शेवटची अट त्यानं दोनदा बोलून दाखवली. मी म्हटलं, "हाव, दर महिन्याले येईन." मला वाटलं, तिन्ही अटींत हीच सगळ्यात सोपी.

त्यानं पहिल्यांदा पाठवली ती एक तरणी बाई. तिचं दुसरं बाळ जन्मतःच गेलं होतं आणि तेव्हापासून ती माणसात नव्हती. जंगलात निघून जायची, दिवसदिवस बोलायची नाही. नवऱ्यानं सोडली होती. पहिली मुलगी दोनेक वर्षांची, तिला एकदा नाल्याच्या काठावर विसरून आली, तेव्हा तिच्या आईनं, म्हणजे मुलीच्या आजीनं, पडिहाराचे पाय धरले. त्यानं दाणे टाकले, दोरा बांधला, महिनाभर वाट पाहिली आणि मग मला निरोप धाडला. जीप निघताना आजी मुलीला कडेवर घेऊन उभी होती. मला म्हणाली, "बाई, हिची माय हिले परत आनून द्या." मी शब्द दिला.

दूरच्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात तिला ठेवली. गुण यायला वेळ लागणार होता. दर महिन्याला तिथून डॉक्टरांना कळायचं की सुधारते आहे, आणि मी एकही महिना न चुकवता जंगलखात्याच्या नाकेदाराला वर पाठवायचे. "गावात सांग, बरी आहे, काळजी करू नका." नाकेदार प्रामाणिक होता, पायी जायचा, जसं सांगितलं तसंच सांगून यायचा. मी स्वतःवर खूश होते. शब्द दिला की पाळायचा, हे माझं ब्रीद होतं ना.

पावसाळा सरल्यावर मी स्वतः वर गेले. आजीनं कुटकीचा भात वाढला. मी म्हटलं, "आजी, पोरगी बरी आहे बरं तुमची. काळजी करू नका."

तिनं विचारलं, "तुमी पाह्यली का?"

"म्या नाही पाह्यली. पन दवाखान्यातून कळलं."

आजी जवळ आली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, "जेवा बाई, तुमचा काय कसूर." तिचे डोळे भरले होते. मला वाटलं, लेकीच्या आठवणीनं. मी पोटभर जेवले आणि खाली उतरले. त्या जेवणाची मला आजही लाज वाटते.

उन्हाळ्यात बाई बरी झाली. खरंच बरी झाली, काही शंकाच नको. मी आणायला गेले तेव्हा तिनं केस विंचरून घट्ट अंबाडा घातला होता, आणि येताना सगळ्या वाटेवर एकच गोष्ट विचारत होती, मुलगी केवढी झाली असेल, आपल्याला ओळखेल का. खामगावला उतरून मी तिला मुलीसाठी लाल रिबीन घेऊन दिली. डॉक्टरही बरोबर आले. पहिलं यश होतं आमचं, दोघंही हरभऱ्याच्या झाडावर चढलो होतो.

जीप गावाशी थांबली आणि गाव उभं राहिलं. पुढं कोणी आलं नाही. बायांनी लेकरं मागं ओढली. आजी दारातून बाहेर आली, लेकीला पाहिलं आणि मटकन खाली बसली. बाई मात्र गावाकडे बघतच नव्हती. ती गावाबाहेरच्या खांबांकडे बघत होती. कोरकूंमध्ये मेलेल्या माणसासाठी सागाचा खांब कोरून पुरतात, वर चंद्र-सूर्य काढतात, मोठं जेवण घालतात, आणि मग ते माणूस आपल्या पितरांत पोचतं. तिथं एक खांब नवा होता. तिनं पडिहाराला आपल्या भाषेत काहीतरी विचारलं. त्यानं मान खाली घातली. मग तिनं मला सांगितलं, "बाई, तो माहा आहे."

माझं डोकंच फिरलं. मी पडिहारावर तोंड सोडलं. "जिती बाई समोर उभी आहे, दिसत नाही का तुमाले? दर महिन्याले माणूस धाडला म्या. बरी आहे, बरी आहे म्हणून घसा कोरडा केला त्यानं. काऊन केलं असं?"

म्हाताऱ्यानं माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "नाकेदाराले आमी पुसलं, तुनं पाह्यली का. तो म्हने, नाही. तुमाले पुसलं. तुमी म्हनल्या, नाही. पाहून आलेला मानूस एक बी आला नाही. नुसतं, बरी आहे, काळजी करू नका. बाई, तुमच्यात मेल्याची खबर कशी देतात?"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. माझे वडील गेले तेव्हा मी धाड या गावी नोकरीला होते. घ्यायला आलेला चुलतभाऊ एसटीत सगळ्या वाटेनं मला सांगत होता, "काही नाही वो बाई, काकाची तब्येत जराशी नरम आहे, तू काळजी नको करू." आमच्याकडे मेल्याची खबर अशीच देतात. आपण सगळेच अशी देतो. मला हे माहीत नव्हतं असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? आजीला वाटलं होतं, या बाईला खरं सांगायचं धैर्य होत नाही. म्हणून तिनं माझी समजूत घातली होती.

पंच बसले. पोचवलेलं माणूस तसंच घरात घेता येत नाही, गावावर दोष येतो, असं त्यांचं म्हणणं. ती बाई संध्याकाळपर्यंत शिवेबाहेर बसून राहिली, मुठीत रिबीन धरून. तिला परत घेऊन जावं लागेल या भीतीनं मी पडिहाराच्या हातापाया पडले. शेवटी त्यानंच वाट काढली, आणि त्याच्या परीनं ती दयेची वाट होती. मेलेली आली नाही, नवी जन्मली, असं धरायचं. तिला नदीत न्हाऊ घातलं, आजीच्या मांडीवर ठेवलं, कानात नवं नाव सांगितलं. आजीला नवी मुलगी झाली. गावानं तिला आत घेतलं.

आणि तिच्या मुलीची आई खांबातच राहिली. तीन-साडेतीन वर्षांची ती पोर, तिला सांगितलं, ही तुझ्या आजीची धाकटी लेक, तुझ्याहून लहान. पोरीला केवढा आनंद झाला. तिनं रिबीन घेतली आणि आईचा हात धरून तिला घर दाखवायला निघाली, "लहानी, इकडं ये. लहानी, हे पाह्य."

आमच्या कामाचं पुढं नाव झालं. कोणी इस्पितळात गेलं की महिन्याला गावातलं एक माणूस आम्ही स्वतः नेऊन भेटवायचो आणि तेच परत येऊन सांगायचं. खर्चावरून मी वरच्यांशी भांडले आणि जिंकले. नंतर गेलेली माणसं आपापल्या घरी, आपापल्या नावानं परतली. वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली, आणि मी ती थोपटून घेतली. काय करणार होते, तोंड वर करून सांगणार होते का की हे शहाणपण कोणाच्या जिवावर आलं?

बदली होऊन लोणारकडे जायच्या आधी मी एकदा वर गेले. ती अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. अंगानं भरली होती, शांत होती. पोरगी धावत आली, "लहानी, माही वेणी घाल," म्हणाली, आणि तिच्यापुढं पाठ करून बसली. ती वेणी घालायला लागली. मला राहवलं नाही. पोर खेळायला गेल्यावर मी म्हटलं, "माफ कर मले. तुह्या घरच्याइले म्या नीट सांगतलं असतं, तर असं झालं नसतं."

तिनं फुलं सारखी केली. तिला माझा राग नव्हता, तेच मला सोसत नव्हतं.

"तवा मले काही समजत नव्हतं, बाई," ती म्हणाली. "पोरगी नाल्यावर राह्यली, ते बी समजलं नाही. आता तुमच्या गोळ्याइनं समदं समजते. ती लहानी म्हनून हाक मारते ना, तवा बी समजते."